भीती गाळून वाचलेली पत्रं

४ फेब्रुवारी

प्रिय मामा,

पोचले. खोली बरी आहे, खिडकी मैदानाकडे उघडते, उशी मात्र विटेची असावी. एवढं आईला वाचून दाखव. पुढचं तुझ्यापुरतं.

मोबाइल फाटकावरच काढून घेतात, हातांचं लक्ष हातांतच राहावं म्हणून. जिन्याखाली एक फोन आहे, पण तिथे बोललेलं मागच्या रांगेतल्या प्रत्येकाला ऐकू जातं. म्हणून हे पत्र.

आईला मी सांगितलंय की कापडाच्या कारखान्यात घड्या घालायचं काम लागलं. तसं खोटं नाही. कापडच आहे आणि घड्याच आहेत. फक्त ती घडी पाठीवर बांधून लोक विमानातून खाली उड्या मारतात. हौसेने मारतात, रांगा लावून. पॅराशूटला इथे सगळे छत्रीच म्हणतात, आणि मी छत्र्यांच्या घड्या घालायला शिकते आहे.

हॉल लांबलचक आहे, टेबलं त्याहून लांब वाटतात. कापड पसरायचं, दोऱ्या एकेक करून बोटांतून सरळ काढायच्या, पोटातली हवा दाबून बाहेर घालवायची, मग पट्टीवर पट्टी अशी घडी, मग पिशवी. आमच्या मोठ्या बाई मागून फिरत असतात. नुसत्या हातांकडे बघतात. त्यांचा पहिला नियम असा, की घडी चालू असताना हात सुटला, मग शिंक आली असो नाहीतर हाक आली असो, तर सगळं उलगडायचं आणि पहिल्यापासून घ्यायचं. कुठवर आलो होतो ते आठवून पुढे जायचं नाही. आठवण लबाड असते म्हणतात.

दुसरा नियम मला इथे आल्यावर दुसऱ्या दिवशी कळला. शिकून झालं की स्वतःच्या हातची छत्री पाठीवर घेऊन उडी मारायची. प्रत्येकीला. कुठली छत्री ते आपण निवडायचं नाही, बाई निवडतात. उडी झाली की नोकरी पक्की.

मामा, मी स्टुलावर चढताना भिंत धरते हे तुला माहीत आहे. ऐकलं तेव्हा मी तशीच उठून बॅग भरायला लागले होते. मग थांबले. इतक्या ठिकाणी जाऊन आले, पण माझे हात बघून कोणी कामावर घेतलं ते इथेच. ते हात घेऊन परत कुठे जाऊ?

एक विचारायचं होतं. काल एक जण खाली उतरला. तोंड चुन्यासारखं, गुडघे एकमेकांवर आपटतायत, आणि बोलतोय एकच, ‘टेरिफिक, टेरिफिक’. सगळेच उतरल्यावर हाच शब्द म्हणतात. मालकसुद्धा उठता बसता म्हणतात. त्या माणसाच्या चेहऱ्याचा आणि शब्दाचा मेळ मला लागला नाही. तुझा तो जाडजूड शब्दकोश काय म्हणतो ते कळव. रात्री मला दुसरं काहीतरी डोक्यात घोळवायला हवं आहे.

तुझी,
मुंगी

११ फेब्रुवारी

चिरंजीव मुंगीबाईंना मामाचा आशीर्वाद, आणि हातांना वेगळा.

पत्र मिळालं. ताईचे डोळे तू गेल्यापासून आणखीच धुरकटलेत. सुईत दोरा सोड, आता दारात कोण उभं आहे तेही ती आवाजावरून ओळखते. तेव्हा पत्र मीच मोठ्याने वाचलं. तुझ्या उशीची वीट मी ठेवली, विमानं सगळी पाडली. कारखाना, टेबलं, कडक बाई, सगळं छान बसलं. ताई म्हणाली, बाई कडक आहेत ना, मग बरं आहे, ही जरा आळशी आहे. मी मान डोलावली. वाचता वाचता गाळणं हे सोपं काम नाही हो, पुढच्या ओळीत काय खड्डा आहे ते डोळ्यांनी आधी बघून तोंडाने वळसा घ्यावा लागतो.

आता तुझा शब्द. तुला ठाऊक आहे, मी इंग्रजी शाळेत नाही शिकलो. शिडीवर शिकलो. दुकानांच्या पाट्या रंगवताना गिऱ्हाईक कागदावर अक्षरं लिहून द्यायचं आणि मी ती चित्रासारखी उतरवायचो. हा टेरिफिक मी लाल रंगात कितीदा काढला असेन. त्याच्यापुढे नेहमी सवलतीचा आकडा असायचा. त्यामुळे मला बरीच वर्षं वाटायचं की त्याचा अर्थ ‘स्वस्त’. एकदा बाजारात मी भाजीवाल्याला म्हटलंसुद्धा, भाव जरा टेरिफिक कर. त्याने केला. म्हणजे अर्थाचं कोणाचं काही अडत नाही.

पुढे शब्दकोश घेतला तेव्हा दचकलो. हा शब्द लॅटिनमधून आला. पहिला तुकडा भीतीचा, दुसरा तुकडा ‘करणारा’ असा. भीती उत्पन्न करणारा. तीनेकशे वर्षांपूर्वी इंग्रज लोक तो वादळाला लावत, श्वापदाला लावत. मग झिजत झिजत त्याचा अर्थ ‘फार मोठं’ एवढाच राहिला आणि शेवटी ‘फार छान’. आणि गंमत बघ, आपल्याकडे तोच शब्द जशाच्या तसा तयार आहे. भयं-कर. तुकडे तेच, जोडही तोच. आणि आपणही त्याची तीच गत केली. तुझी आत्या नव्या सुनेबद्दल सांगताना ‘भयंकर सुंदर आहे’ म्हणाली होती, आठवतं? तेव्हा कोणी घाबरलं नव्हतं. घाबरायला नंतर सुरुवात झाली.

आणखी एक. कोशात म्हटलंय की त्या लॅटिन शब्दाचं आणि आपल्या ‘त्रास’चं मूळ एकच धरतात. आज त्रास म्हणजे डोकेदुखी, शेजारी आणि मेहुणे. पण मुळात त्रास म्हणजे भीतीने थरथरणं.

तेव्हा तो चुन्याच्या तोंडाचा माणूस नकळत खरं तेच बोलत होता. शब्द म्हातारा झाला तरी आपलं जुनं गाव विसरलेला नाही.

उडीचं आत्तापासून मनावर घेऊ नकोस. वेळ आली की बघू. काम कसं चाललंय ते सविस्तर लिही.

तुझा,
मामा

२० फेब्रुवारी

प्रिय मामा,

आईसाठी आधी. जेवण चांगलं आहे. खोलीतल्या दुसऱ्या मुलीशी जमलं आहे, ती घोरते पण तालात. गेल्या गुरुवारी मालक हॉलमध्ये आले, माझ्या टेबलाशी थांबले आणि म्हणाले की ही पोरगी टेरिफिक आहे, दोघींचं काम एकटी उरकते. सगळ्यांनी मान वर करून बघितलं. त्या दिवशी माझे हात असे चालत होते की मला वाटलं मी जन्मतःच छत्र्यांची आहे. कोणी काही बोललं तरी हसून उत्तर देत होते आणि घडीही चालू होती. बाई मात्र नुसत्या जाऊन खिडकी लावून आल्या.

आता तुझ्यापुरतं.

मंगळवारी दुपारी बाहेर एकदम आरडाओरडा झाला. वाऱ्याने एक जण मैदानाबाहेर गेला आणि झाडात अडकला. फांदी मोडत होती आणि तो ओरडत होता. सगळ्या खिडकीकडे धावल्या. मीही धावले. त्याला शिडी लावून उतरवलं, पण खांद्याचं हाड निघालं होतं, आणि तो आवाज, मामा, माणसाचा वाटतच नव्हता. टेबलाशी परत आले तेव्हा माझे दात वाजत होते. समोर अर्धी घातलेली घडी होती. मी ती उलगडली नाही. कुठवर आले होते ते आठवलं आणि तिथून पुढे गेले. पिशवी बंद केली, तारीख घालून सही केली, फळीवर ठेवली. बाई बाहेर त्या माणसापाशी होत्या. कोणी बघितलं नाही.

त्या दुपारी मी आणखीही घातल्या. त्यातली ती कुठली, मला आता सांगता येत नाही. बाहेरून सगळ्या सारख्याच. दोऱ्या मी खिडकीकडे जायच्या आधी सरळ केल्या होत्या की नंतर करणार होते? डोळे मिटले की कधी असं दिसतं, कधी तसं. गुंतलेली छत्री वर उघडत नाही, नुसती वळते. पोटावर दुसरी लहान छत्री असते, पण ती ओढायला वेळ हवा आणि डोकं ठिकाणावर हवं. पडताना कोणाचं असतं?

या नाही, पुढच्या रविवारी पुष्कळ मंडळी उडीला येणार आहेत. तेव्हा शिकाऊ मुलींच्या फळीवरच्या छत्र्याही निघतील.

बाईंना सांगू का? सांगितलं तर नियम मोडला म्हणून पाठवून देतील, इथे दुसऱ्यांदा कोणाला ठेवत नाहीत. आणि कदाचित घडी बरोबरच असेल. कदाचित हा सगळा माझ्या भित्र्या डोक्याचा खेळ असेल. मला एकटीला ठरवता येत नाही. तू सांगशील तसं करीन. लगेच लिही.

मुंगी

२६ फेब्रुवारी

चिरंजीव मुंगी,

मालकांनी शाबासकी दिली हे वाचून ताईने शेजारच्या दोन घरांत स्वतः जाऊन सांगितलं, भिंतीला हात लावत लावत. तिसऱ्या घरी मला पाठवलं. घरात नुसता उत्सव होता.

पत्र वाचताना मात्र माझी तारांबळ उडाली. शाबासकी झाली आणि पुढच्याच ओळीत झाडात माणूस. मी म्हटलं, झाडात पतंग अडकला. ताई म्हणाली, पतंगासाठी एवढी बोंबाबोंब? मी म्हटलं, मालकाचा पतंग होता. मग पुढचं पान भराभर उलटलं, तुझी भीतीबिती दिसली ती बाजूला सारली, आणि ‘बाकी सर्व ठीक, मुंगी’ असा शेवट करून मोकळा झालो. आजकाल माझंच पत्र इतकं गोड होतं की मलाही खरं वाटायला लागतं.

भीतीचं म्हणशील तर ती येणारच. मी तिसऱ्या मजल्याच्या उंचीवर पाटी रंगवायला चढायचो तेव्हा प्रत्येक पायरीला वाटायचं की ही पायरी मोडकी आहे. मोडकी कधीच नव्हती. मन आहे ते, कामधंदा नसलेल्या माणसासारखं, दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला नावं ठेवत असतं. त्याच्याकडे लक्ष देऊ नकोस आणि मनातल्या शंका उगाच कोणाजवळ बोलून दाखवू नकोस. लोक एकदा घाबरट म्हणाले की तो शिक्का पुसत नाही. तोंड मिटून हात चालू ठेव. तुझे हात चांगले आहेत, मालकांनीच सांगितलं आहे.

हे सकाळच्या टपालात टाकतो, म्हणजे शनिवारपर्यंत मिळेल.

तुझा,
मामा

२७ फेब्रुवारी

मुंगी,

कालचं पत्र फाडून टाक. त्यातला एक शब्दही ऐकू नकोस. आत्ता, हे हातात असताना, बाईंकडे जा आणि सगळं सांग.

आज दुपारी मालकांचा तो शब्द तू कसा लिहिला आहेस ते बघावं म्हणून खिशातून तुझं पत्र काढलं. ताई आत झोपली होती. पहिल्यांदाच मी ते एकट्याने, मनातल्या मनात वाचत होतो. आणि दुसऱ्या पानावर आलो तर ते पान मी कधी वाचलंच नव्हतं. ताई समोर बसलेली असताना मी त्यावरून नुसती नजर फिरवली होती, कुठे काय लपवायचं एवढं बघायला. थरथर दिसली, झाड दिसलं, आणि मी ते सगळं एका हाताने बाजूला केलं. त्यात तुझा प्रश्न होता. तू मला विचारलं होतंस आणि मी तुला उत्तर दिलं ते तुझ्या पत्राला नाही, माझ्या तोंडाने रचलेल्या पत्राला.

मला घाम सुटला आहे. अक्षर वाकडं आलंय ते त्यामुळे. मी तुला लिहिलं, तोंड मिटून हात चालू ठेव. देवा, मी तुला हे लिहिलं.

कोपऱ्यावरच्या दुकानातून जिन्याखालच्या फोनवर फोन केला. पुष्कळ वेळ वाजत राहिला. शेवटी कोणा मुलीने उचलला. म्हटलं, मुंगीला बोलवा. ती म्हणाली, इथे मुंगी कोणी नाही, मुंग्या मात्र फार आहेत. तुझं खरं नाव सांगेपर्यंत मागून कोणी घाई करायला लागलं. मी एवढंच ओरडलो की तिला निरोप द्या, मामा म्हणतो उलगड. तिने विचारलं, काय? मी म्हटलं, उलगड. फोन बंद झाला. पुन्हा लावला तर लागेना. दुकानदार माझ्याकडे बघत होता. त्याला वाटलं असेल म्हातारा चळला.

हे जलद टपालाने पाठवतोय, तरी रविवारच्या आत तुला मिळेल अशी खात्री पोस्टातला माणूस देत नाही. तो म्हणाला, प्रयत्न करू. मी त्याला म्हटलं, बाबा रे, प्रयत्न नको, पोचव.

नोकरी गेली तर गेली. घरी ये. मी शिडीवरून पडलो असतो तर एकटा पडलो असतो. तुझ्या फळीवर दुसऱ्याचा जीव ठेवलेला आहे.

ताईला काही सांगितलेलं नाही. तिने संध्याकाळी विचारलं की ताट तसंच का ठेवलं. मी म्हटलं, दात दुखतोय.

मामा

४ मार्च

प्रिय मामा,

तुझं पहिलं पत्र मला शनिवारी मिळालं. दुसरं सोमवारी. रविवार मधे गेला.

शनिवारी मी ते ‘तोंड मिटून’ अनेकदा वाचलं. वाटलं, मामाला सगळं सांगितलं आणि मामा म्हणतो गप्प राहा, म्हणजे गप्पच राहायला हवं. खरं सांगू, सुटल्यासारखं वाटलं. ठरवायचं ओझं तू घेतलंस. पण झोप आली नाही. खोलीतली मुलगी तालात घोरत होती आणि प्रत्येक वेळी श्वास आत घेऊन ती थांबली की मला वाटायचं, आता उघडेल, आता उघडेल.

रविवारी मैदान माणसांनी फुललं होतं. मालक सगळ्यांचे हात हातात घेत होते. मी फळ्यांवरून छत्र्या काढून द्यायला उभी होते. माझ्या फळीवरच्या निघायला लागल्या. एक टक्कल असलेला गृहस्थ होता, त्याच्या पाठीवर माझ्या सहीची पिशवी आली. त्याची लहान मुलगी त्याचा चष्मा धरून उभी होती. त्याने तिला सांगितलं की वरून मी तुला ओळखणार नाही, तेव्हा तू हात हलव. ती म्हणाली, पण चष्मा तर माझ्याकडे आहे, हात तरी कसा दिसेल? सगळे हसले. तोही हसला, आणि हसता हसता त्याने पोटावरचा पट्टा आवळला.

मी तो पट्टा धरला. ठरवून नाही. माझा हात तिथे होता आणि सुटेना.

‘ही छत्री देऊ नका,’ मी म्हटलं.

बाईंनी विचारलं, का. मी म्हटलं, माझ्या हातची आहे. मग सगळं सांगितलं, झाड, खिडकी, न उलगडलेली घडी. तिथेच, सगळ्यांसमोर, कारण बाजूला चला म्हणायचंही भान नव्हतं. विमान गुरगुरत उभं होतं. बाईंनी हात वर केला आणि सगळ्या उड्या थांबल्या. लोक कुरकुरायला लागले, कोणी म्हणालं, एवढ्या लांबून आलोय. मालक माझ्याकडे बघत होते, जणू मी त्यांच्या ताटात माती टाकली होती.

बाई मला हॉलमध्ये घेऊन गेल्या.

‘कुठल्या दिवसाच्या?’

‘मंगळवारच्या.’

‘आणि बाकीच्या?’

‘बाकीच्या ठीक आहेत, बाई.’

‘कोण म्हणतं?’

मी म्हटलं, मी. त्या म्हणाल्या, मग सगळ्या उघड.

मामा, मंगळवारच्या सगळ्या बरोबर होत्या. एकन् एक. घाबरलेल्या हातांनी नकळत दोऱ्या पुन्हा तपासल्या असाव्यात, इतक्या त्या सरळ होत्या. मला रडू फुटायच्या बेतात होतं, सुटले म्हणून. मग गुरुवारच्या काढल्या. मालकांच्या शाबासकीच्या दिवसाच्या, हसत हसत घातलेल्या. त्यातल्या एकीत दोऱ्यांचा एक जुडगा दुसऱ्याला वेढा घालून बसला होता. बाईंनी ओरडून कोणाला बोलावलं नाही. माझी दोन बोटं धरली आणि त्या वेढ्यात घातली. थंड होता.

मी विचारलं, वाचला असता का. त्या म्हणाल्या, पोटावरची वेळेवर ओढली असती तर.

टकल्या गृहस्थाच्या पाठीवर यातली कुठली होती ते आता कळायला मार्ग नाही. सगळ्या पिशव्या एकत्रच टेबलावर आल्या. तो मुलीला घेऊन निघून गेला. जाताना माझ्याकडे त्याने बघितलंसुद्धा नाही, नाराज होता, त्याचा रविवार फुकट गेला. त्याला काहीच माहीत नाही. मला त्याच्या मागे धावावंसं वाटलं आणि धावून काय सांगणार होते?

मालक म्हणाले, हिला आजच घरी पाठवा. बाई म्हणाल्या, सांगणारीला पाठवू आणि न सांगणाऱ्या ठेवू, असं का? मग माझ्याकडे वळून म्हणाल्या की या सगळ्या पुन्हा घाल, आणि गुरुवारी तुझी उडी. यातलीच.

सगळ्या पुन्हा घातल्या आहेत. हळू, इतक्या हळू की बाकीच्या जेवून आल्या तरी मी पहिल्याच टेबलाशी होते. संध्याकाळी जिन्याखाली फोनजवळ एक चिठ्ठी चिकटवलेली दिसली, ‘मामा म्हणतो उलगड’. शुक्रवारपासून तिथेच होती म्हणे. कोणाचा मामा ते कोणालाच माहीत नव्हतं. एक मुलगी म्हणाली, तिला वाटलं सुविचार आहे.

उद्या गुरुवार आहे, मामा. मला मरायची भीती वाटते आहे, ही साधी भीती नाही. ती पोटात नाही, हाडांत आहे. वेढा माझ्या बोटांनी चाचपलेला आहे. शाबासकीच्या दिवशीही मला खात्रीच होती.

तुझ्यावर रागावले नाही. थोडीशी रागावले आहे. आईला सांग. सगळं सांग, आणि आता काही गाळू नकोस.

मुंगी

६ मार्च

आई आणि मामा,

हे दोघांना आहे.

मी विमानात बसले तेव्हा माझ्या पायांना आपण पाय आहोत हे आठवत नव्हतं. दार उघडलं आणि वारा आत आला, आवाज एवढा की विचारसुद्धा ऐकू येईना. खाली शेतं होती, चौकोनी, अगदी लहान. मी दाराची कड धरली आणि सोडेना. बाई मागे होत्या. मला वाटलं ढकलतील. त्यांनी कानाशी तोंड आणून नुसतं विचारलं, घडी कोणाची? मी म्हटलं, माझी. मग मला कड सोडावी लागली.

पडताना मी ओरडले. काय ओरडले ते सांगत नाही. आई, तुला हाक मारली एवढं सांगते. पोट वर राहिलं आणि मी खाली गेले. मला वाटलं, उघडत नाही. वाटलं नाही, मला ठाऊकच होतं की उघडत नाही, वेढा डोळ्यांसमोर दिसत होता. मग पाठीत कोणी धरून उचलावं तसा हिसका बसला आणि सगळं गप्प झालं. वर बघितलं तर ती उघडली होती, सगळी, दोऱ्या सरळ.

खाली येईपर्यंत मी थरथरत होते. उतरले ती बसूनच, गवतात. मग उलटी झाली. बाईंनी पाणी दिलं आणि छत्री गोळा करायला सांगितली.

उद्यापासून नोकरी पक्की. पुढच्या महिन्यात येईन. आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे मी नेणार आहे.

तुमची,
मुंगी

१२ मार्च

चिरंजीव मुंगी,

आधी तुझं चार तारखेचं पत्र आलं. ताईला समोर बसवलं आणि म्हटलं, तुला काही सांगायचंय. ती म्हणाली, मुंगीच्या कारखान्यात विमानं आहेत ते ना?

तिला पहिल्या पत्रापासून संशय होता. म्हणाली, ‘तू पानं दोन उलटायचास आणि गोष्ट एकाच पानाची असायची, शिवाय ‘विमा’ एवढं म्हणून एकदा अडखळलास. मला दिसत नाही रे, ऐकू येतं.’ आणि मग म्हणे झाडात पतंग अडकला की काय होतं हे तिला ठाऊक आहे, त्यासाठी कोणी एवढी बोंबाबोंब करत नाही. इतके दिवस गप्प का राहिलीस विचारलं, तर म्हणाली, तू इतका जीव तोडून खोटं वाचत होतास, तुझं मन कशाला मोडू?

मग मी सगळं वाचलं. दोऱ्यांचा वेढा, टकला गृहस्थ, माझं ते मूर्ख पत्र, सगळं. तुझा प्रश्न मी गाळला ते सांगताना मान खाली होती. ताईने मला बोल लावला नाही. बराच वेळ ती स्वतःचीच बोटं एकमेकांत गुंतवून सोडवत बसली. तुझी उडी त्या घटकेला होऊन गेली होती की व्हायची होती, आम्हाला माहीत नव्हतं. पत्र चार तारखेचं, आज कुठली, असं ती विचारत राहिली. मी सांगत राहिलो. त्यापुढचे दिवस आम्ही दोघं कसे काढले ते लिहीत नाही. दुकानातला फोन मी सारखा लावत होतो, तुमचा जिना उचलत नव्हता. दारात सायकल थांबली की ती आतून विचारायची, टपाल का? आणि मी नाही म्हणालो की पुन्हा तारीख विचारायची. तेच वाईट.

आज पाकीट आलं. उघडायच्या आधी तिने माझं मनगट धरलं. म्हणाली, वाच, आणि काहीही आलं तरी थांबू नकोस. अक्षर तुझं आहे, म्हणजे तू आहेस, एवढं आम्हाला कळलं होतं. तरी ती म्हणाली, शेवटाकडे उडी मारू नकोस, सरळ वाच.

मी वाचलं. दाराशी तू कड धरून उभी राहिलीस तिथे तिने थांबवलं.

‘तेवढं परत वाच.’

‘कुठलं?’

‘ती घाबरली ते.’

परत वाचलं. वारा, लहान शेतं, हाक. मग तिने आणखी एकदा वाचायला लावलं. मला कळेना ती काय ऐकते आहे. डोळे मिटलेले, ओठ हलत होते, जणू तिथे तुझ्याशेजारी उभं राहून तीही खाली बघत होती. तिसऱ्यांदा ‘आई, तुला हाक मारली’ इथे आलो आणि माझाच आवाज फाटला. पुढचे शब्द निघेनात.

तेव्हा तिने माझं मनगट सोडलं, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, ‘पुरे. आता खाली उतरव तिला.’

तुझा,
मामा